सतरावी

डेलला जाऊन वर्ष होत आलं, तरी ती ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या दर सामन्याला यायची. आता हे मेरिननं कुणाला सांगावं? कप्तानाचं डोकं फिरलं म्हणाले असते सगळे! पण दिसायची, अगदी लख्ख दिसायची. मैदानाच्या मागच्या कोपऱ्यात, तेवीस नंबरचा शर्ट, एक मोजा वर, एक खाली घसरलेला. चेंडूला हात लावायची नाही की बोलायची नाही.

मेरिनच्या अंगावर काटा यायचा. तरी पोरगी एखाद्या दिवशी आलीच नाही तर, या विचारानं जीव जास्त घाबरा व्हायचा. गेल्या साली उपांत्य सामन्याआधी मेरिननं संघाची नावं वाचली होती. डेलनं विचारलं होतं, "आणि मी गं?"

"सोळा झाल्या. राखीवही भरल्या. तू नको."

डेल बॅग खांद्याला लावून फाटकाकडे गेली. तासाभरात हमरस्त्यावर तिची गाडी ओंडक्यांच्या ट्रकखाली गेली. त्या 'तू नको'ची माफी मागायची राहून गेली, आणि तेच मेरिनला खात होतं.

आज पुन्हा उपांत्य सामना. जिंकलं की थेट राज्य लीगचा अंतिम सामना, जो या क्लबच्या बायकांनी कधी पाहिला नव्हता. सकाळपासून डर्वेंट नदीवरून धुकं उतरलेलं. शेवटची पाच मिनिटं उरली होती, मेरिनचा संघ चार गुणांनी पुढे होता, आणि समोरची कप्तान टीगन हात वर करून अंपायरकडे धावली.

"मोजा यांना! सतरा आहेत, मी पाहिल्यात!"

मैदानात सोळाच्या वर एक जरी निघाली, तर त्या संघानं तोवर केलेले सगळे गुण पुसले जातात.

खेळ थांबला. पोरी मधोमध रांगेत उभ्या राहिल्या. अंपायर एकेकीला बोट लावत गेला. सोळा.

"टीगनबाई, चष्मा करून घ्या आता!" रांगेतून कुणीतरी ओरडलं. सगळ्या खिदळल्या.

अंपायर मेरिनकडे वळला. "कप्तान, सगळ्या आल्या ना? धुक्यात कुणी मागे नाही राहिली?"

मेरिननं कोपऱ्याकडे पाहिलं. डेल उभी होती. थेट तिच्याकडेच बघत होती, त्या दिवशी विचारताना बघत होती तशी. 'ती पण आमचीच' एवढंच म्हणायचं होतं. पण टीगनला दिसली, म्हणजे बोट दाखवलं तर अंपायरलाही दिसणार, आणि सतरा भरल्या की गुण गेले.

"नाही," मेरिन म्हणाली. "आमच्या सोळाच."

उगाच मोजणी मागितली म्हणून टीगनच्या संघाला दंड झाला. चेंडू मेरिनच्या हाती, तोही पन्नास मीटर पुढे. तिनं गोल मारला, एकदम सहा गुण. दहा गुणांनी जिंकले. पोरी गळ्यात गळे घालून क्लबचं गाणं म्हणायला आत पळाल्या, मेरिन मात्र कोपऱ्याकडे पळाली. तिथं कुणी नव्हतं. गवतावरच्या दवात पावलांची एक ओळ उमटली होती, कोपऱ्यापासून फाटकापर्यंत.

"डेल, अगं थांब ना!" ती धुक्यात ओरडली. "चुकलं माझं!"

पुढच्या शनिवारी, अंतिम सामन्यात, ऊन छान पडलं होतं. चेंडू डोक्यावरून गेला तरी मेरिन मागच्या कोपऱ्याकडेच बघत होती. तिनं आपल्या पोरी मोजल्या. पुन्हा मोजल्या. सोळाच होत्या.