घट्ट झालेली बाही

"दम धरा आत्या, आता उचलतेच," विशाखा तिसऱ्यांदा म्हणाली आणि तिसऱ्यांदा सासूसकट न्हाणीच्या फरशीवर बसली.

सरजाबाई थोराड हाडाची. लुगडं अंगाला चिकटलेलं, डोक्यावर पदर नाही, एक पाय घसरून बादलीखाली गेलेला. विशाखाने मागून काखेत हात घालून जोर लावला की म्हातारीचे खांदे तेवढे वर यायचे. बाकीची सरजाबाई जागच्या जागी.

दाराबाहेर भुजंगराव उभे होते. धान्याच्या मोंढ्यात जन्मभर पोती वाहिलेला माणूस. सत्तरीतही त्यांनी सरजाबाईला सहज उचललं असतं. पण अडचण अशी की भुजंगराव सरजाबाईचे व्याही होते. मागच्या गल्लीत त्यांच्याच मुलाला सरजाबाईची लेक दिलेली; ती आता नवऱ्यासोबत परगावी. इतक्या वर्षांत या बाईचं उघडं डोकं त्यांनी पाहिलं नव्हतं.

"इहीनबाई, येऊ का आत?"

"खबरदार! तुमी पाठ फिरवा, इवाई."

"दार लावल्यालं हाय की."

"तरी फिरवा!"

भुजंगरावांनी पाठ फिरवली. शेवटी त्यांची बायको गुडघे सांभाळत आली आणि दोघी बायकांनी, एका प्लास्टिकच्या खुर्चीच्या आधाराने, म्हातारीला उभं केलं. तोवर भुजंगराव समोरच्या भिंतीला विचारत होते, "झालं का?"

हाड मोडलं नाही. मोडलं ते वेगळंच. सरजाबाईने पाणी पिणं सोडलं. तिचा हिशेब सरळ होता. पाणी प्यायलं की उठावं लागतं, उठलं की पडायला होतं, आणि पडलं की व्याही दारात. गोळी गिळण्यापुरता घोट घ्यायचा आणि पेला सरकवायचा. ओठ सुकले, लघवीला जळजळ सुरू झाली, डॉक्टर रागावले. ती मान हलवायची आणि पेला सरकवायची.

सरजाबाईचा मुलगा, म्हणजे विशाखाचा नवरा आनंदराज, लातूरला वीज कंपनीत. त्यांची लेक लुंबिनी तिथेच डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करत होती, म्हणून बापलेक तिकडे आणि सासूसून नांदेडला, अशी घराची वाटणी झाली होती. त्याने फोनवर निकाल देऊन टाकला. "दसऱ्याला येतो अन् मायला घेऊन जातो. तुझ्यानं ती उचलत न्हाई, विशाखा. इथं मी हाय."

"तिसऱ्या मजल्यावर?"

"मग काय झालं?"

सरजाबाईला सगळं ऐकू गेलं होतं. "तिथनं खाली उतरायचं म्हंजे मेल्यावरच," ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली. विहारातल्या बायका, दारातली बाज, येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारून थांबवण्याचा हक्क, हे सगळं तिसऱ्या मजल्यावर नेता येणार नव्हतं.

त्याच आठवड्यात विशाखाने बायकांच्या जिममध्ये नाव घातलं.

शिकवणारी आरती अर्धापूरची, केळीवाल्यांची पोर. तिने विचारलं, "मॅडम, काय पाहिजे तुमाला?"

सासू उचलायची आहे, असं कसं सांगायचं? विशाखाने हात आडवा धरला. दंडाखालचं मांस लोंबलं आणि थोडा वेळ हलत राहिलं. "हे कमी करायचंय."

हे अगदीच खोटं नव्हतं. विशाखा पोस्टात काउंटरवर बसायची. शिक्का कागदावर पडून स्थिर झाला तरी तिचा दंड मागून झुलत राहायचा, आणि रांगेतली माणसं शिक्क्यापेक्षा तिकडेच बघतात असा तिला संशय होता. भाचीच्या लग्नातल्या फोटोत तिने हात पदराखाली असे लपवले होते, की बाई थंडीने आखडलीय असं वाटावं.

आरतीने गुलाबी रंगाची, खेळण्यासारखी डंबेल्स हातात दिली. चार दिवस ती वरखाली केल्यावर विशाखाने हळूच विचारलं, "यानं माणूस उचलता येईल का?"

"कोणता माणूस?"

"म्हातारा. अन् ओला."

आरती आधी हसली. मग विशाखाचं तोंड बघून थांबली. ती आत गेली आणि वाळू भरलेलं एक पोतं ओढत घेऊन आली.

"लोखंड सरळ राहतंय, मॅडम. माणूस पोत्यावानी असतो. इकडनं धरला की तिकडनं सांडतो. आधी अंगाशी घ्या, आमी केळीचा घड घेतो तसा. मग टाचा रोवा अन् पायानं उठा. कंबर वापरलीत तर दोघी पडताल."

विशाखा खाली बसायला शिकली, उठायला शिकली. भिंतीला हात लावून, मग ओट्याला, मग जमिनीवर दंड काढायला शिकली. पहिले काही दिवस केसांना तेल लावायलाही हात वर जाईना. आरतीच्या सांगण्यावरून ती अंडी खायला लागली, रोज वरणाची वाटी दुप्पट केली. घरी सराव म्हणून कोठीतलं ज्वारीचं पोतं होतंच. ते ती मिठीत धरायची, उठायची आणि दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन ठेवायची.

"कामून पोतं इकडचं तिकडं करून राह्यलीस?" बाजेवरून आवाज यायचा.

"उंदीर लागलेत, आत्या."

"मला तर एक दिसला न्हाई."

खरं कारण सांगायची सोय नव्हती. 'माझं ओझं झालं का?' असं एकदा म्हातारीच्या मनात आलं असतं, तर तिने स्वतःच पिशवी भरली असती. त्यामुळे सुनेला या वयात नटायचं सुचलंय, एवढंच गल्लीला कळलं. सरजाबाई तर तोंडावर म्हणायची, "कोणाला दाखवायचेत गं दंड? पोस्टात मिशीवाले लई येतेत म्हणं."

नव्या ब्लाऊजचं माप द्यायला विशाखा रामलिंग शिंप्याकडे गेली, तेव्हा तर कहरच झाला. त्याने दंडाभोवती टेप फिरवला, जुन्या मापाकडे पाहिलं आणि पुन्हा फिरवला.

"ताई, बाही सैल करावी लागंल. दंड वाढले की!"

ही बातमी विशाखाच्या आधी घरी पोचली. भुजंगरावांची बायको पदर तोंडाला लावून हसली. सरजाबाई मोकळ्या तोंडाने हसली. "कमी करायला गेली अन् वाढवून आली!"

विशाखा रडकुंडीला येऊन आरतीकडे गेली. आरती म्हणाली, "दाबून बघा." विशाखाने दाबलं. वरची कातडी अजून थोडी लोंबत होती, पण आत काहीतरी येऊन बसलं होतं आणि ते बोटाला हटत नव्हतं.

"लोंबतंय ते जाईल हळूहळू, थोडं राहील बी. पण तुमी कशासाठी आलता?"

त्या संध्याकाळी न्हाणीकडे जाताना सरजाबाईने सुनेचा दंड धरला. चालता चालता थांबली. शेतातलं कणीस भरलंय का हे बघावं, तसा तिने अंगठ्याने दंड दाबला. एकदा, मग परत. दंडाचा विषय त्या दिवसापासून बंद झाला.

दसऱ्याला आनंदराज जीप घेऊन आला. सरजाबाई विहारातून आलेली, पांढरं लुगडं, डोक्यावर पदर. पिशवी भरून दारात ठेवलेली. निरोपाला भुजंगराव येऊन अंगणात खुर्चीवर बसले होते. चहा झाला. विशाखाने दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. वाळू उचलणं वेगळं. चार माणसांत नवऱ्याला 'मी उचलते' म्हणायचं आणि तोंडावर पडायचं, म्हणजे म्हातारी जीपमध्येच.

"चल माय, उशीर व्हायलाय," आनंदराज म्हणाला.

सरजाबाई काठी टेकत अंगणात बाजेपाशी आली. काठी बाजूला टाकली. बाजेचा खूर धरला आणि सावकाश जमिनीवर बसली.

"माय! पडलीस का?"

"पडले न्हाई. बसले." तिने खूर सोडला. "विशाखा, ये. उचल मला."

आनंदराज पुढे सरकला. "मी उचलतो की."

"तू सर. रोज न्हाणीच्या दारात तू असतोस का?"

विशाखाने पदर खोचला. मागे जाऊन खाली बसली, हात म्हातारीच्या छातीशी गुंफले, तिला अंगाशी घेतलं. ज्वारीच्या पोत्याला धडधड नव्हती. इथे दोघींची एकत्र चालली होती.

"आत्या, पाय पोटाशी घ्या."

"घेतले. बोलू नको, उचल."

भुजंगरावांनी सवयीने खुर्ची फिरवून पाठ केली.

विशाखा उठली. अर्ध्यावर आली आणि अडकली. मांड्या थरथरायला लागल्या. सरजाबाईचं सगळं वजन एका बाजूला सांडू लागलं. श्वास तुटल्याचा आवाज झाला, आणि मोंढ्यातल्या माणसाला तो आवाज पाठमोऱ्यालाही कळला.

"टाच!" भुजंगराव भिंतीकडे तोंड करून ओरडले. "टाच दाबा, सूनबाई! खाली न्हाई बघायचं!"

टाच दाबली गेली. टर्रकन आवाज आला. रामलिंगने सैल केलेली बाही शिवणीवर उसवली होती. आणि सरजाबाई उभी होती.

"झालं का?" भुजंगरावांनी विचारलं.

"झालं," आनंदराज म्हणाला. तो एकदा बायकोच्या उसवलेल्या बाहीकडे आणि एकदा पिशवीकडे बघत होता. मग त्याने पिशवी उचलली. जीपकडे नाही, घरात नेऊन खुंटीला अडकवली. बाहेर येऊन म्हणाला, "लुंबिनीला काय सांगू?"

"सांग, आजी येत न्हाई. तूच ये म्हणं," सरजाबाई म्हणाली.

विशाखा अजून धापा टाकत होती. ती हसत होती की रडत होती, हे तिलाही धड कळत नव्हतं. सरजाबाईने पदर चाचपला. तो डोक्यावरून हलला नव्हता. ती बाजेवर नीट टेकली.

"पाणी आण गं."

विशाखाने पेला आणला.

"हे काय? तांब्या आण."

तांब्या आला. सरजाबाईने तो दोन्ही हातांनी वर धरला आणि मान मागे टाकून प्यायला लागली. गळ्याची सुरकुतलेली कातडी वरखाली होत राहिली. थोडं पाणी हनुवटीवरून पांढऱ्या लुगड्यावर ओघळलं, तरी ती थांबली नाही. भुजंगराव अजून पाठमोरेच होते. तांब्या रिकामा करून तिने तो सुनेपुढे धरला.

"अजून हाय का?"