गहिनीरावांचं सर्टनली

हैदराबादेत दोन वर्षं राहून गहिनीराव देशमुख गावी परतले, ते एक इंग्रजी शब्द घेऊन. सर्टनली. बैल बरा होईल का? सर्टनली. देवळाच्या पायरीला दगड देताय ना? सर्टनली. बैल मेला, पायरी अजून मोडकीच आहे.

आमच्या हरिबा पखवाज्यानं चाळीस वर्षं एकाच बुवांच्या मागं साथ केली. यंदा त्याचे पाय गेले. आणि त्याच बुवांचं शेवटचं कीर्तन अंबाजोगाईला तिसऱ्या प्रहरी ठरलं. पुढं ते कायमचे काशीला निघाले होते. हरिबाला एकाच अभंगाला हात लावायचा होता. आसाराम तेली आपली उघडी गाडी द्यायला तयार होता, पण तिच्या हादऱ्यांनी पाठ धरली असती. म्हणून हरिबाची बायको केसरबाई देशमुखांची दमणी, म्हणजे छपराची, मऊ गादीची बैलगाडी, मागायला गेली. मी सोबत होतो. मलाही कीर्तन चुकवायचं नव्हतं.

"सर्टनली," गहिनीराव म्हणाले.

केसरबाईनं शपथेचा बेलभंडारा पुढं केला. "मालक, एवढा उचला. मंग माझ्या जिवाला घोर न्हाई."

ते हसले. "ही खेडवळ रीत झाली, बाई. सर्टनली म्हणजे पक्कं, काही झालं तरी. साहेब लोक एवढंच बोलतात आणि काम मंजूर होतं."

आम्ही भोळी माणसं. ज्या शब्दावर सरकार चालतं, तो बेलभंडाऱ्याहून जड असणारच, असं धरलं. केसरबाईनं आसारामला नको म्हणून कळवलं. तो घाण्याची पेंड भरून दुसऱ्या गावी गेला.

कीर्तनाच्या दिवशी हरिबा दिवस उगवायच्या आत न्हाऊन, पटका बांधून ओट्यावर बसला. पखवाजाला कणीक लावलेली. ती वाळली, केसरबाईनं ओली केली, पुन्हा वाळली. ऊन डोक्यावर आलं तसा मी देशमुखांकडं धावलो. त्यांचा गडी सटवा दारात बसला होता.

"मालक पहाटंच दमणी घिऊन गेलेत. तहसीलदाराच्या पाव्हण्याला काळवीट दावायला."

"हरिबाला न्यायचं होतं ना बे?"

"मला तर काईच बोलले न्हाईत."

परत येऊन मी सांगितलं. हरिबानं पटका सोडला.

तिन्हीसांजेला दमणी आमच्याच गल्लीतून आली. गहिनीरावांना थांबावंच लागलं, कारण केसरबाई बैलांपुढं उभी होती.

"मी सर्टनली येणार होतो, पण—"

"मालक, तुमच्या इंग्रजीत न्हाईला काय म्हणत्यात?"

"नो."

"एवढुसाच शब्द हाय? मंग त्यो कावून न्हाई बोललाव? आसारामच्या गाडीत आमी हादरं खात गेलो असतो, पर गेलो असतो."

गहिनीरावांनी कासरा हाताला गुंडाळला.

"दुसरी दमणी करून उद्या—"

"उद्या बुवा काशीच्या वाटंला," हरिबा ओट्यावरून म्हणाला. "सोड त्यांची वाट, केसर. त्यांच्याजवळ द्यायला काई न्हाई."

ती बाजूला झाली.