चार वेळची चावी

विशालाक्षीला आता कुठलीही वस्तू दुरुस्त करून आणायचा वीट आला होता. अकरा वर्षांत तिनं व्हीलचेअरचं चाक, गीझर, गच्चीवरची टाकी आणि अप्पाजींचं डोकं, एवढं सगळं इतक्या वेळा ताळ्यावर आणलं होतं, की माघात अप्पाजी, तिचे वडील, गेले तेव्हा रडू यायच्या आधी तिच्या मनात आलं ते एवढंच, की आता निवांत पडावं. पण निवांतपणा तिच्या नशिबी कुठला. सिडनीहून धाकट्या भावाचा, विश्वेशचा, फोन आलाच.

"अक्का, अप्पाजी गेल्यापासून त्यांचं घड्याळ बंद आहे म्हणतेस, ते एकदा दाखवून घे की. पोराच्या मुंजीत त्याच्या हाताला बांधतों. चालू झालं तर इकडं पाठव. नाहीच झालं, तर तुलाच राहू दे."

म्हणजे चाललं तर भावाचं, बिघडलेलं राहिलं तर बहिणीचं. विश्वेशच्या मनात काही वाकडं नव्हतं. तो लहानपणापासून अशीच वाटणी करायचा आणि कुणाला त्यात काही खटकायचं नाही.

घड्याळ सोन्याचं, स्विस. अप्पाजींच्या मामांनी सिंगापूरहून आणलेलं. रोज सकाळी देवपूजा झाली की त्याला चावी द्यायची, आणि ती घरच्या थोरल्या मुलीनंच द्यायची, असा अप्पाजींचा नेम होता. विशालाक्षी सात वर्षांची होती तेव्हापासून हे काम तिच्याकडे होतं. आता ती एकसष्ट वर्षांची होती.

सोमवारी ती बसनं मद्रासातल्या टी. नगरच्या बाजारात गेली. साड्यांच्या पिशव्यांच्या लोंढ्यातून वाट काढत तिनं शेषाद्रीचं दुकान गाठलं. दोन मोठ्या दुकानांच्या मधल्या बोळात जेमतेम एक माणूस आणि एक पंखा मावेल एवढीच जागा. शेषाद्री तंजावरकडचाच, आपल्या मराठी लोकांतला. मद्रासच्या घामानं चामड्याचा पट्टा वर्षभरात कुजतो, म्हणून दरवर्षी तो घरी येऊन अप्पाजींच्या घड्याळाचा पट्टा बदलून द्यायचा.

त्यानं डोळ्याला भिंग लावलं आणि मागचं झाकण उघडलं.

"अक्का, आतली स्प्रिंग तुटलीय. आजची गोष्ट नव्हे ही."

"अकरा वर्षं झाली," विशालाक्षी म्हणाली. कुणालाही न सांगितलेली गोष्ट अशी सहज तोंडून निघून गेली, आणि मग तिनं सगळंच सांगितलं.

अप्पाजींची उजवी बाजू लुळी पडली त्याच महिन्यातली गोष्ट. एका सकाळी चावी नुसतीच गरगर फिरली. त्या दुपारी अप्पाजी घड्याळाकडे बघत होते, मग खिडकीतल्या उन्हाकडे, परत घड्याळाकडे. सकाळची गोळी घेतली की राहिली, हेच त्यांना कळेना आणि ते घाबरेघुबरे झाले. मनगटावरून घड्याळ काढू म्हटलं तर घर डोक्यावर घेतलं. शेवटी चावी देते असं सांगून तिनं त्यांचा डावा हात मांडीवर घेतला आणि मोबाईलमध्ये बघून काटे जागेवर आणले. आजच्या दिवसापुरतं, असं तिला वाटलं होतं.

पण ते चालूच राहिलं. कॉफीच्या आधी, जेवणाच्या आधी, चारच्या टिफिनच्या आधी, झोपायच्या गोळीच्या आधी. दिवसातून चार वेळा. मधल्या वेळात ते डुलक्या घ्यायचे, त्यामुळे निभून गेलं. शाळेतल्या मैत्रिणी कोवलमला सहलीला गेल्या, भाचीचं लग्न तंजावरला झालं, विशालाक्षी कुठंच गेली नाही. घड्याळ सोडून कशी जाणार? आणि दर रविवारी, काटे नुकते लावून झाले की, व्हिडिओवर विश्वेश म्हणायचा, "बघ अक्का, एक मिनिट चुकत नाही. ह्याला म्हणायचं स्विस माल." दुरून डोंगर साजरे. ती मान डोलवायची.

शेषाद्रीनं चिमट्यात धरून एक इवलंसं चाक भिंगाखाली ठेवलं आणि तिला बघायला लावलं. त्याचे दात झिजून पार सपाट झाले होते.

"हातानं काटे लावले की ते ह्यानं फिरतात. माणूस जन्मभरात एवढं झिजवत नाही, अक्का. स्प्रिंगसंगं हेही नवं घालायला पाहिजे. हे टाकून द्यायचं."

विशालाक्षी त्या मोहरीएवढ्या पितळेकडे बघत राहिली. तिची अकरा वर्षं ह्याच्याशिवाय कुणी पाहिली नव्हती. आता ते केरात जाणार, घड्याळ सिडनीला जाणार, आणि आजोबांचं घड्याळ कधी चुकलं नाही असं पोराला सांगितलं जाणार. तिला फार वाईट वाटलं. स्वतःची लाजही वाटली, पण तरी ती म्हणाली, "शेषाद्री, दुरुस्त होत नाही असं म्हणशील का? विश्वेशनं विचारलं तर?"

"सेरि, बरं, म्हणतों." त्यानं भिंग काढून बराच वेळ पुसलं. "पण एक गोष्ट पोटात ठेवलीय ती सांगतों. अप्पाजींना ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"बंद आहे ते. पट्टा बदलायला आलों होतों, तू कॉफी करायला आत गेलीस. त्यांनी मनगट माझ्या कानाला लावलं. म्हणाले, ऐक, काही आवाज आहे का? मी म्हणालों, द्या, पंधरा दिवसांत करून देतों. तर म्हणाले, वेंडाम, नको. हे चाललं तर पोरगी माझा हात धरून बसेल कशाला? तिला सांगू नकोस म्हणून शपथ घातली."

वरचा पंखा कुरकुरत होता.

"ठाऊक होतं, तर एकदा सांगायचं तरी," ती शेवटी म्हणाली. "दुपारी मी घटकाभर निजले असते."

घड्याळ चाललं असतं तरी मी त्यांच्यापाशी बसलेच असते, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण तिला खोटं बोलवेना. कॉफीचा पेला टेबलावर ठेवून ती स्वयंपाकघरात परतली असती, हे तिला पक्कं माहीत होतं. म्हाताऱ्यानं आपल्या लेकीला बरोबर ओळखलं होतं. तिला त्यांचा भयंकर राग आला, आणि त्या रागातच तिचे डोळे भरून वाहू लागले. शेषाद्री शहाणा, त्यानं दुसरंच एक घड्याळ उघडून त्यात डोकं घातलं.

डोळे पुसून झाल्यावर तिनं तिथूनच विश्वेशला फोन लावला.

"काय अक्का, होत नाही म्हणतात का?"

शेषाद्रीनं ठरल्याप्रमाणे फोन घ्यायला हात पुढे केला. तिनं दिला नाही.

"होतं की. शेषाद्री पंधरा दिवसांत करून देतो. पण मी करून घेणार नाही, आणि पाठवणारही नाही."

"का ग? किती झकास चालत होतं ते."

"चालत नव्हतं रे ते," विशालाक्षी म्हणाली. "मी चालवत होते."

विश्वेशनं विचारलं, "म्हणजे?"

"सांगते," ती म्हणाली. "मध्ये बोलू नकोस."