कीलगिलचा नळ

आमचा थॉर्नडेल ग्रामीण जिल्हा मोडीत काढायचं लंडनमध्ये ठरलं. चौऱ्याहत्तरच्या एक एप्रिलपासून आम्ही पलीकडच्या शहराच्या नव्या परिषदेत जाणार होतो. आमची परिषद माझ्या आजोबांच्या काळातली. युद्धावरून परतलेल्यांना तिनं घरं बांधून दिली, गावोगाव नळ नेले. राहिली होती ती डोंगरावरची कीलगिल वाडी.

तिच्यासाठी आणलेले पाइप आवारात पडून होते. मार्चमध्ये नव्या परिषदेच्या हॅलिवेलसाहेबांचा फोन आला. नवं काम काढू नका, पाइप शहरात पाठवा.

आमच्या अध्यक्षा विनिफ्रेड आयव्हसन. मेंढ्या पाळायच्या, आवाज खणखणीत. त्या म्हणाल्या, "एकतीस तारखेपर्यंत हा जिल्हा आमचा आहे, साहेब. पाइप डोंगरावर जातील."

ठेकेदारानं अंग काढून घेतलं. त्याला पुढची कामं शहराकडूनच मिळायची होती.

"मग आपण काय मेलोय का?" बाईंनी सभेत विचारलं. "ट्रॅक्टर कुणाकुणाचे आहेत?"

मी हात वर केला. माझ्यामागे बरेच हात वर गेले.

मेंढ्या विण्याचे दिवस. घरचं उरकून आम्ही चर खणायला जायचो. वर सगळा खडक. पहारी वाकल्या, माझ्या तळहातांची सालटी निघाली. बाई स्वतः घमेली उचलत होत्या.

काम निम्म्यावर आलं तेव्हा हॅलिवेल मोटार घेऊन वर आले. "बाई, हा सरळसरळ हट्ट आहे!"

"आहेच. बूट सांभाळा, चिखल आहे."

वाडीतली म्हातारी ॲग्नेस फॉसेट घरातून पेला घेऊन आली. झऱ्याचं पाणी, पिवळट. वरच्या अंगाला मेंढी मरून पडली होती.

"घ्या साहेब, दमला असाल."

त्यांनी पेल्यात पाहिलं. हात काही पुढे केला नाही.

"का हो? आम्ही जन्मभर हेच पितोय."

हॅलिवेल मोटारीत बसले. "याचा जाब द्यावा लागेल," एवढं बोलून गेले.

एकतीसला रविवार होता. प्रार्थना आटोपून पाद्रीबुवासुद्धा कुदळ घेऊन आले. दुपारी शेवटचा सांधा जोडला. ॲग्नेसच्या स्वयंपाकघरातला नळ आधी फुसफुसला, मग गढूळ पाणी ओकला, आणि मग धार स्वच्छ झाली. म्हातारी ओंजळ भरभरून प्यायली, एप्रनचा पुढचा भाग चिंब होईपर्यंत. मग आमच्याकडे पाठ करून किटली भरू लागली. तिचे खांदे हलत होते.

दुसऱ्या दिवशी आमच्या कचेरीची पाटी उतरवली. आठवडाभरानं बाईंना शहरात बोलावणं आलं. मीही सोबत गेलो. कोट घालून सगळे टेबलामागे बसले होते.

"कुणाच्या परवानगीनं?" हॅलिवेलनी विचारलं.

"थॉर्नडेल परिषदेच्या."

"ती आता अस्तित्वात नाही."

"पाइप आहे ना," बाई म्हणाल्या. "जमिनीखाली आहे. हिंमत असेल तर या, आणि ॲग्नेसच्या दारात उभं राहून उखडून न्या."

बसा म्हणायचं कुणाला सुचलं नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःच खुर्ची ओढली. पाइप उखडायला कुणी आलं नाही.