मधल्या पेराचं माप

मार्गासनीच्या मंगलनं शिवलेला ब्लाउज उसवायला परत आला, असं सहसा होत नसे. आमवातानं तिची बोटं धरली, सकाळी कपबशी उचलेना झाली, तेव्हासुद्धा तिनं मशीन मोडीत काढलं नाही. पुण्याहून नसरापूरला येणाऱ्या डॉक्टर शेफालींचं औषध सुरू केलं आणि हात वळायला लागताच पुन्हा शिवायला बसली.

डॉक्टरांनी तिला एक युक्ती शिकवली होती. "दुखणं आणि सूज नेहमी बरोबर येत नाहीत, मंगलताई. न ताणणारी पट्टी बोटाच्या मधल्या पेराभोवती गुंडाळा. टोक पोचेल तिथं खूण करा. दर वेळी तोच सांधा आणि तीच वेळ."

कॉलरीत घालायच्या कॅनव्हासची पट्टी कापून मंगल दर सोमवारी, चहाच्या आधी, माप घेई.

दसऱ्याच्या सुमाराला कामथडीहून लग्नघरचे ब्लाउज शिवायला आले. बोटं दुखत नव्हती. मंगलनं खुशीत काम घेतलं. पण त्या सोमवारी पट्टीचं टोक खुणेच्या अलीकडंच राहिलं. पुढच्या सोमवारी आणखी अलीकडं. पट्टी आटली असेल म्हणून तिनं टेप लावून ताडून पाहिलं. पट्टी खरंच बोलत होती.

"आत्याबाई, उद्या नसरापूरला जाऊन येते," ती सासूला म्हणाली.

चंद्राबाई भाकरी थापता थापता थांबल्या. "दुखतंय का?"

"न्हाई."

"मग कशाला? हितं कामाचा ढीग पडलाय."

"ब्लाउज अंगाला बसंना झाला, तर बाई भरली म्हणतो आपण. तिचं कुठं काय दुखतं? माप ते मापच."

चंद्राबाईंनी भाकरी तव्यावर टाकली.

डॉक्टर शेफालींनी एकेक सांधा अंगठ्यानं दाबून पाहिला. दोन पेरं लोण्यासारखी दबत होती. रक्त तपासलं आणि औषध वाढवून दिलं. "वेळेत आलात. दुखायची वाट बघितली असती, तर हात आखडून बसला असता. मात्र गुण यायला काही आठवडे लागतील. तोवर बारीक काम कमी करा."

काम परत करायचा विचार मंगलच्या मनालाही शिवला नाही. मशीनवरचं तिनं स्वतःकडं ठेवलं. हुक लावायचं आणि हातशिलाईचं काम शेजारच्या नूतनला दिलं, तिच्या वाट्याच्या मजुरीसकट. लग्नाआधी सगळे ब्लाउज कामथडीला पोचले. दिवाळी उलटली तेव्हा पट्टी पुन्हा खुणेला टेकली.

त्या सकाळी चंद्राबाई लुगडं गुडघ्याच्या वर घेऊन तिच्यापुढं बसल्या.

"माझं बी माप घे."

मंगलनं दोन्ही गुडघ्यांना टेप लावला. डावा चांगलाच भरला होता.

"आत्याबाई, चपला घाला," ती म्हणाली. "पुढची यस्टी धरू."