अकरा नंबरची सुई

"सुई मोडली की आधी पॅडलवरचा पाय काढायचा. तोंड उघडायचं नाही, नुसता हात वर करायचा. आणि तुकडे जुळल्याशिवाय दुसरी सुई मागायची नाही. कळलं का गं?"

सहा वर्षांपूर्वी थोरल्या जावेनंच धाकटीला हे शिकवलं होतं. मशीनच्या खडखडाटात, कानाशी तोंड आणून. तेव्हा दोघींत बोलणं होतं. आता एकाच छपराखाली राहून दोघी एकमेकींना पाण्यात पाहत. भांडी आपटली जात, दारं आपटली जात, आणि मधल्या मधे दोघे भाऊ मुकाट जेवून उठत.

आज दोघी एकाच कारखान्याच्या बोळात, भिंतीला लावलेल्या खुर्च्यांवर बसल्या होत्या. सुपरवायझरची जागा एक होती, आणि तिच्यासोबत कारखान्यामागच्या दोन खोल्या होत्या. धाकटीला पगारापेक्षा त्या खोल्यांची आस होती. आपलं दार, आपली चूल, आणि सकाळी कुणाची आदळआपट न ऐकता उघडलेले डोळे. थोरलीला त्या खोल्या नकोच होत्या. धाकटीला मिळू नयेत, एवढंच हवं होतं.

"इस्त्रीचे कपडे घालून कुणी सुपरवायझर होत नाही," थोरली समोरच्या भिंतीला सांगावं तशी बोलली.

"बारा वर्षं खुर्ची झिजवूनही होत नाही, ताई."

"जीभ तेवढी चालते. हात चालतात का बघू."

थोरलीला आत बोलावलं. परीक्षा दोन भागांची होती. आधी नमुना-खोलीत एकटीनं बसून पंधरा मिनिटांत तान्ह्या बाळाचं एक अंगडं शिवायचं, मग केबिनमध्ये प्रश्न. कापड फुकट कशाला घालवायचं, म्हणून कारखाना बघणाऱ्या मॅडमनी चालू ऑर्डरमधलेच कापलेले तुकडे शिवायला दिले होते. शिवलेलं अंगडं दारातल्या टोपलीत टाकायचं, की ते इतर मालात जमा.

पंधरा मिनिटांनी थोरली बाहेर आली ती घामाघूम. कॉलरशी हात नेऊन तिनं काहीतरी चाचपलं आणि वर न बघता केबिनमध्ये गेली.

धाकटी मशीनवर बसली. पहिल्याच टाक्याला तिचा हात थबकला. बाळाच्या मऊ कापडावर भोकं पडत होती, मोहरीएवढी. तिनं सुई काढून उजेडात धरली. चौदा नंबर! या कापडाला अकराची सुई असते, आणि नमुना-खोलीत दुसरी ठेवतच नाहीत. चौदाच्या सुया जाड कापडाच्या लाइनवर लागतात. थोरलीच्या लाइनवर. तिच्या कॉलरच्या आतल्या बाजूला अशा दोन सुया नेहमी टोचलेल्या असतात, हे घरातल्यांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

दोऱ्यांच्या डब्यात खाली अकराच्या सुईचा वरचा अर्धा तुकडा सापडला. टोक कुठेच नव्हतं.

हात वर करायला हवा होता. दाराबाहेर शिपाई उभा होता, एक हाक पुरली असती. पण धाकटीच्या मनात एकदम लख्ख उजाडलं. 'बारा वर्षांची ताई! मोडलेली सुई लपवलीस होय?' तिनं तो अर्धा तुकडा रुमालात बांधला, टाका अगदी बारीक ठेवून भोकं शिवणीत दडवली, आणि वेळेच्या आधी अंगडं टोपलीत टाकलं. गोष्ट मात्र पोटात ठेवली, बरोबर वेळेला बाहेर काढायला.

केबिनमध्ये मॅडम होत्या, मालकांची सून. चार महिन्यांपूर्वी आलेल्या आणि कुणावर विश्वास न ठेवणाऱ्या. बाजूला कटिंगचे म्हातारे मास्तर, हातात चहाचा कप.

"दोघी एका घरातल्या," मॅडम कागद न बघताच म्हणाल्या. "उद्या जावेनं चूक केली तर झाकशील ना? सगळ्या झाकतात. खोटं बोलू नकोस."

"उद्या कशाला, मॅडम? आजच केलीय." धाकटीनं रुमाल सोडून टेबलावर ठेवला आणि मशीनवरच्या चौदाच्या सुईचं, थोरलीच्या कॉलरचं सांगून टाकलं.

थोरलीला परत बोलावलं. कॉलर उलटायला सांगितली. तिथे एकच सुई होती, चौदाची. तिच्याशेजारी रिकामं भोक.

"घरात तर डसत होतीसच," थोरली धाकटीकडे बघत हळूच म्हणाली, "आता इथंही डसलीस."

"लपवलीत तुम्ही. मी नाही."

"बास!" मॅडमनी टेबलावर हात आपटला. "तू उद्यापासून येऊ नकोस. आणि तू..." त्या धाकटीकडे वळल्या, पहिल्यांदाच नीट बघत. "मला अशीच बाई हवी होती. सख्ख्या नात्याचीही भीड न धरणारी. जागा तुझी."

त्यांनी ड्रॉवरमधून खोल्यांची किल्ली काढून पुढे सरकवली. धाकटीनं किल्ली मुठीत घेतली.

"टोक कुठाय?" मास्तरांनी विचारलं.

"काय?"

"सुईचं टोक. वरचा भाग इथं आहे, खालचा कुठाय?" त्यांनी कप खाली ठेवला. "तुला कधी कळलं, पोरी?"

"मशीनवर बसल्या बसल्या."

"म्हणजे पंधरा मिनिटं तू ते पोटात ठेवलंस. आणि टोपली?"

टोपली केव्हाच वर पॅकिंगला गेली होती. तिथे आजच्या ऑर्डरची दोनशे चाळीस अंगडी होती, सगळी एकसारखी.

"हिनं भीतीपोटी लपवलं," मास्तर थोरलीकडे बोट करून म्हणाले. "तू हौसेनं. तान्ह्या बाळाच्या मानेला जाऊन रुतेल ते. सुई पकडणारं मशीन आठ दिवस झाले बंद पडलंय, माहीत आहे ना?"

"मास्तर, उगाच बाऊ करू नका," मॅडम म्हणाल्या. "तांदळाच्या कणीएवढा तुकडा. जमिनीवर पडला असेल, झाडून गेला असेल. ट्रक चारला सुटणार. त्याच्यासाठी एकही माणूस देणार नाही मी."

धाकटीनं थोरलीकडे पाहिलं. थोरलीच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, निव्वळ विखार होता. त्या नजरेला आता उलट उत्तर द्यावं असं धाकटीला वाटेना.

"माणूस नको," ती म्हणाली. "मी शोधते. एकटी. चारच्या आत टोक तुमच्या हातात देते, मास्तर. नाही सापडलं तर तो माल मी ट्रकमध्ये चढू देणार नाही."

"पहिल्याच दिवशी माझा ट्रक अडवणार?" मॅडम ओरडल्या. "दिलेलं काढूनही घेता येतं, लक्षात ठेव."

"हो, मॅडम."

मास्तरांनी खिशातून कात्रीसोबतचं लोहचुंबक काढून तिच्यापुढे धरलं. शाबासकी दिली नाही.

बोळात थोरली आपली पिशवी आवरत होती. धाकटी क्षणभर थांबली.

"सापडलं तर मला सांगायला येऊ नकोस," थोरली पाठमोरीच म्हणाली. "आणि नाही सापडलं तरी येऊ नकोस."

भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा वाजत होते. बाह्या कोपरापर्यंत सारून धाकटी पॅकिंगचा जिना चढू लागली.