उन्हाचं निमित्त

भाग्यलक्ष्मीबाईंच्या कपाळावरचं गोंदण काढायचं कुणी सुचवलं, यावर त्यांच्या घरात पुढे बरेच दिवस वाद चालला. त्यांचे यजमान लक्ष्मणराव म्हणत केतकीनं, केतकी म्हणे डॉक्टरनं. खरं सांगायचं तर सुचवायची कुणाला गरजच नव्हती. भालकीकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन हैदराबादला, मलकपेठेत आल्या दिवसापासून ती गोष्ट बाईंच्या मनात होती. दोन भुवयांच्या मध्ये एक उभी हिरवी रेघ आणि तिच्या दोन्ही अंगांना ठिपके. गावाकडच्या बाया त्याला तुळस म्हणत. मलकपेठेतल्या बाया काहीच म्हणत नसत, नुसत्या बघत, आणि ते बघणं बाईंना टोचत आलं होतं.

केतकी त्यांची धाकटी लेक. रोज स्कूटीवरून ऑफिसला जाऊन जाऊन तिचे हात कोपरापर्यंत रापले होते, गालांवर डाग आले होते. त्यासाठी ती हिमायतनगरच्या एका कातडीच्या दवाखान्यात जायची. एकदा आईला सोबत घेऊन गेली. डॉक्टर प्रियदर्शिनी तरुण, बोलायला गोड. केतकीला उन्हावरचं लांबलचक व्याख्यान देऊन झाल्यावर तिची नजर आईच्या कपाळाकडे गेली.

"आंटी, ये भी निकल जाता," ती सहज म्हणाली. "लेझर से. दो-तीन बार आना पडेगा, बस."

बाई हसल्या आणि "आता या वयात कशाला" म्हणाल्या. पण रिक्षात बसल्यावर त्यांनी केतकीला विचारलं, "दुखतं का गं फार?" केतकी काय समजायचं ते समजली. संक्रांत झाल्यावर बाईंनी पहिलं लेझर करून घेतलं.

लेझर दुखलं, पण लहानपणी गोंदताना दुखलं होतं तेवढं नाही. त्या वेळी सुगी संपली होती आणि गोंदणारीण गावात आली होती. बाई तेव्हा नुसती भागू, पाच-सहा वर्षांची, आणि तिची थोरली बहीण जयवंताअक्का दहा-अकराची. सुया बघूनच भागूनं भोकाड पसरलं. तेव्हा जयवंता पुढे बसली, म्हणाली, आधी मला. सगळं गोंदून होईपर्यंत ती भागूकडे बघून हसत राहिली. "बघ, मुंगी चालल्यासारखं वाटतं नुसतं." मग भागू तयार झाली. अक्काच्या मांडीवर डोकं ठेवून पडली, आणि पहिली सुई टोचताच तिनं अक्काच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. अक्कानं हात काढून घेतला नाही. रात्री झोपताना अक्का म्हणाली होती, "आता दोघींचं एकसारखं झालं. देवाघरी हेच बरोबर येतं म्हणतात. तिथं कितीपण गर्दी असली तरी मी तुला ओळखीन."

अक्काही पुढे लग्न होऊन हैदराबादलाच आली, मुसीकाठी जियागुड्याला. तिचा नवरा लवकर गेला. त्या दिवशी बायकांनी तिचं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या. भाग्यलक्ष्मीबाई कोपऱ्यात बसून रडत होत्या, त्यांच्याच्यानं बघवेना. रात्री उशिरा अक्कानं त्यांना जवळ घेतलं आणि स्वतःच्या कपाळावर बोट ठेवून म्हणाली, "हे राहिलं बघ, भागू. हे कुणाला पुसता नाही आलं." त्यानंतर तिनं भर उन्हात अंगणात कुरडया आणि पापड वाळवून, काचीगुड्याच्या घराघरांत विकून पोरगा वाढवला. तो शिवराज आता अफझलगंजला किराणा मालाच्या दुकानात नोकरीला होता. आईला उन्हात बसू नको म्हणायचा, आणि ती बसायचीच.

तर गोंदण पुसट व्हायला लागलं. बाई आरशासमोर उभ्या राहून बघत, आणि खोटं कशाला बोला, त्यांना आनंदच झाला. शेजारच्या सुनीतानं "आंटी, एकदम छोट्या दिसायला लागलात" म्हटलं तेव्हा तर त्यांनी तिला चहा पाजला. मग एके दिवशी शिवराजच्या फोनवरून अक्काचा व्हिडिओ कॉल आला. इतके दिवस अक्का त्यांना आठवलीच नव्हती असं नाही. आठवली होती, पण त्यांनी तो विचार बाजूला सारला होता. आता तिला काय सांगायचं? तुझं-माझं एकसारखं होतं, ते मी पैसे देऊन जाळून आले?

त्यांनी फोन तसाच वाजू दिला, धावत आतल्या खोलीत गेल्या, पाकिटातली सगळ्यात मोठी मरून टिकली काढली आणि त्या अजून हुळहुळत्या जागेवर दाबून बसवली.

"आज एवढी मोठी टिकली?" अक्का म्हणाली. "लग्नाला निघाली का काय?"

"फॅशन हाय अक्का आता," बाई म्हणाल्या.

"शोभती तुला," अक्का म्हणाली. तिचा आवाज खोल गेल्यासारखा वाटला, पण बाईंचं सगळं लक्ष टिकलीकडे होतं.

एकदा लावलेली टिकली मग निघेना. अक्का कधी फोन करील याचा नेम नव्हता, म्हणून त्या सकाळी उठल्या की टिकली लावत. दुसरं लेझर झालं त्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा लावली. व्हायचं तेच झालं. टिकलीच्या गोंदानं कातडी चिडली, खाजली, सोलली, आणि पाडव्याच्या सुमाराला त्या जागी रुपयाएवढा गोल पांढरा डाग उमटला. हिरवी तुळस गेली आणि टिकली काढली तरी टिकलीचा आकार राहिला. प्रियदर्शिनीनं डोक्याला हात लावला.

"जखम भरली नव्हती आणि त्यावर गोंद? किसने बोला आपको?"

रंग भरायला वेळ लागेल, कदाचित पूर्ण भरणारही नाही, असं डॉक्टर म्हणाली. टिकली बंद. बाहेर निघायचं तर सनस्क्रीन लावून, छत्री घेऊन, आणि दुपारी शक्यतो निघायचंच नाही. सगळ्यात वाईट ऊन असतं, ती म्हणाली.

बाईंनी इतर काही ऐकलं न ऐकलं, दुपारी बाहेर निघायचं नाही एवढं मात्र पक्कं धरून ठेवलं. कारण त्याच आठवड्यात शिवराजचा फोन आला.

"मावशी, आईचा श्वास लई फुलतोय. डॉक्टर हार्ट कमजोर झालं म्हणतात. तुमची आठवण काढती. येऊन जा ना एकदा."

"येते रे," बाई म्हणाल्या. "पण माझ्या तोंडावर औषध चालू हाय. वांग आलंय ना. डॉक्टरनं ऊन मना केलंय."

"मग संध्याकाळी या."

"संध्याकाळी दवाखान्यात लाइटचा शेक द्यायला बोलावतात," बाईंनी ठोकून दिलं.

मलकपेठेतून जियागुडा म्हणजे काही दूरदेश नव्हे. रिक्षात बसायचं, पूल ओलांडायचा, की झालं. लक्ष्मणरावांनी दोनदा विचारलं, चला जाऊन येऊ. बाईंनी दोन्ही वेळा कपाळाकडे बोट दाखवलं. टिकली लावता येत नव्हती आणि टिकलीशिवाय अक्कासमोर बसायची छाती होत नव्हती. रंग भरला की जाऊ, असं त्या मनाला सांगत. रोज आरशात बघत, रंग भरला का. अक्का आजारी होती आणि या बाई रंगाची वाट बघत होत्या, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, म्हणून तर रात्री झोप लागत नव्हती.

एकदा अक्काशीच बोलणं झालं. बाईंनी कॅमेरा लागत नाही म्हणून सांगितलं.

"शिवराज म्हणाला, ऊन चालत नाही तुला," अक्का दम खात म्हणाली.

"हौ ना. कातडी जळती म्हणे."

"मग नक्को येऊ बाई. तोंड सांभाळ. माझं बघ, उन्हानं पार कोळसा झाला. तुझी कातडी लहानपणापासनं नाजूक. कमी झालं की ये. मी कुठं जाती?"

फोन ठेवल्यावर बाई स्वयंपाकघरात जाऊन रडल्या. उद्या जायचं, असं त्यांनी ठरवलं. उद्या आला, त्यांनी साडी नेसली, आरशासमोर उभ्या राहिल्या, आणि साडी बदलून पुन्हा घरातल्या कपड्यात आल्या. वैशाख तापत गेला. शिवराजचे फोन येत राहिले, मग त्यानं या म्हणणं सोडून दिलं. आई कशी आहे तेवढं सांगायचा.

आणि एका सकाळी त्यानं सांगितलं की आई पहाटे गेली.

बाई पोचल्या तेव्हा ऊन ऐन डोक्यावर आलं होतं. लक्ष्मणराव पुढे, केतकी छत्री उघडून आईच्या बाजूला. बाईंनी डोक्यावरचा पदर भुवयांपर्यंत ओढला होता. अक्काचं घर त्यांच्या नजरेसमोर होतं: रस्त्यालगत फाटक, मग लांबलचक शहाबादी फरशीचं अंगण, एक झाड नाही, कुरडया वाळवायला मुद्दाम मोकळं ठेवलेलं. दुपारी त्या फरशीवर पाय ठेवता येत नसे. त्या फाटकातून आत शिरल्या आणि थांबल्या.

अंगणात सावली होती. फाटकापासून दारापर्यंत, या भिंतीवरून त्या भिंतीवर, साड्या बांधल्या होत्या. अक्काच्या साड्या. धुऊन धुऊन विटलेल्या, पांढुरक्या, निळ्या, एक बारीक फुलांची जी बाईंनीच कधीतरी दिवाळीला दिली होती. एकीच्या पदराला दुसरीची गाठ, आणि मध्ये कुठे फट नाही. खाली फरशी गार होती.

बाईंना वाटलं, आलेल्या माणसांसाठी मांडव घातला असेल.

"केव्हा बांधलं हे?" त्यांनी शिवराजला विचारलं. त्याचे डोळे सुजले होते.

"महिना झाला असंल, मावशी. आईनं बांधायला लावलं." त्यानं नाक पुसलं. "म्हणाली, भागू आली तर दुपारचीच यायची, संध्याकाळी तिला दवाखाना असतो. रिक्षातनं उतरून दारापर्यंत ऊन लागंल तिच्या तोंडाला. रोज खाटेवरनं बघायची, वाऱ्यानं सरकलं तर मला उठवायची. मी म्हटलं, कुरडया कुठं घालशील? तर म्हणती, ह्या वर्षी राहू दे."

केतकीनं आईचा हात धरला. त्या सावलीतून दारापर्यंत चालत जाणं हे आयुष्यात त्यांनी केलेलं सगळ्यात अवघड काम होतं, आणि प्रत्येक पावलाला त्यांना वाटत होतं की ही सावली आपली नाही, आपण ती खोटं बोलून घेतली.

अक्काला आत चटईवर निजवलं होतं. काळवंडलेल्या, सुकलेल्या चेहऱ्यावर ती हिरवी तुळस तेवढी ठसठशीत होती. बाई उशाशी बसल्या. त्यांनी पदर मागे सारला. बायकांनी पाहिलं, एकमेकींकडे पाहिलं. बाईंनी अक्काचं मनगट हातात घेतलं आणि दातांची खूण शोधली. ती केव्हाच बुजली होती.

"अक्का," त्या तिच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "मला काही झालं नव्हतं. ऊन लागलं असतं तर काही होणार नव्हतं. मी पुसून टाकलं गं, म्हणून आले नाही." त्यांनी अक्काच्या तुळशीवरून बोट फिरवलं. "आता कशानं ओळखशील?"

शिवराजनं हलकेच खांद्यावर हात ठेवला. न्यायची वेळ झाली होती.

तिरडी बाहेर काढताना अडचण आली. साड्या खाली लोंबत होत्या आणि खांद्यावरची तिरडी त्यांच्याखालून निघेना. दोघा-तिघांनी भिंतींवरच्या गाठी सोडायला घेतल्या. शिवराजनं त्या चांगल्या घट्ट मारल्या होत्या, सुटता सुटेनात. मग एकेक साडी खाली आली, तसतसं अंगण पुन्हा उन्हानं भरत गेलं, आणि ते ऊन थेट अक्काच्या तोंडावर पडलं.

केतकी धावत आली आणि आईवर छत्री धरली. "मम्मी, ऊन लागतंय. डाग वाढेल."

बाईंनी छत्रीची दांडी धरून पुढे ढकलली.

"मला नक्को. मावशीच्या तोंडावर धर."

केतकी क्षणभर घुटमळली. मग तिनं खांदेकऱ्यांच्या बरोबरीनं चालत, हात उंच करून छत्री धरली. फाटकाबाहेर गाडी उभी होती, तिथपर्यंत ती तशीच गेली. भाग्यलक्ष्मीबाई मागून उघड्या कपाळानं, तापल्या फरशीवरून अनवाणी चालत राहिल्या. खाली पडलेल्या साड्यांवर पाय पडू नये म्हणून त्या कडेकडेनं गेल्या.